सर्व्हर रूममधली सोलकढी

प्रेमाची खरी कसोटी प्रतीक्षेत लागते, असं थोर माणसं युगानुयुगं सांगत आली आहेत. त्यांच्यापैकी एकालाही सकाळी दहा वाजता रक्ताचा रिपोर्ट ऑनलाइन बघायचा नव्हता.

साकीनाक्याच्या एका औद्योगिक इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टांची वेबसाइट चालवणारी एक कंपनी होती. तिचं पान उघडायला नऊ सेकंद लागत. नऊ सेकंद म्हणजे काय, ते साखर तपासलेल्या माणसाला विचारा. पहिल्या तीन सेकंदांत तो देवाचं नाव घेतो, पुढच्या तीनांत जिलेबी सोडतो, आणि शेवटच्या तीनांत कंपनीला फोन लावतो.

तो फोन सम्यककडे यायचा. सम्यक घाटकोपरचा, वय एकोणतीस. लोकांची मागणी घेऊन रिपोर्ट समोर मांडणारा जो मुख्य प्रोग्राम — जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर — त्याची सगळी सेटिंग्ज त्याच्या ताब्यात होती. ती फाइल दुसरं कुणी उघडत नसे, आणि सम्यक स्वतः दुसऱ्या कुणापुढे मन उघडत नसे.

अपवाद एकच. रश्मी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना. ऑफिसचा फ्रिज बंद पडलेला. सम्यक सर्व्हर रूममध्ये शिरला, तर एसीच्या झोतासमोर, मशीनपासून हातभर अंतरावर एक काचेची बाटली उभी. आत गुलाबी काहीतरी. आणि बाटलीशेजारी मांडी घालून, डोळे मिटून बसलेली एक नवी मुलगी.

"इथे खायचे पदार्थ आणायला बंदी आहे," सम्यक म्हणाला. "दारावर लिहिलंय."

"वाचलं." तिने एकच डोळा उघडला. "कुणी लिहिलंय?"

"मी."

"अक्षर छान आहे तुझं."

सम्यकने नजर बाटलीकडे वळवली. त्याचं मूळ गाव परभणीकडचं. सोलकढी त्याने पाहिलीच नव्हती. "हे... गुलाबी ताक आहे का?" त्याने विचारलं. ती इतकी हसली, की बाटलीचं बूच हातातून सुटून मशीनखाली गेलं. दोघांनी पोटावर झोपून ते काढलं. तिच्या केसांना खोबऱ्याचा वास होता, की बाटलीला... तो हिशेब त्याला आजवर लागलेला नाही.

तेव्हापासून दर मंगळवारी विक्रोळीहून रश्मीच्या आईच्या हातची बाटली यायची, एसीसमोर बसायची, आणि दुपारी दोन स्टीलचे पेले भरायचे. तिसऱ्या माणसाला पत्ता नव्हता. दोन वर्षांत सम्यकने इतकीच प्रगती केली होती.

रश्मीचं काम मोजण्याचं. खोटीखोटी दोन हजार माणसं ती वेबसाइटवर एकदम सोडायची आणि घड्याळ बघायची. तिच्या टेबलावर चिठ्ठी डकवलेली होती : 'एका वेळी एकच बदल. मग मोजा.' शेवटी तिनेच अहवाल दिला, की जुनं मशीन थकलंय, नवं घ्या. शुभा मॅडमनी — मालकीण त्याच — तो मान्य केला.

आणि मंगळवारी मशीन आलं. सोबत हर्षद आला.

हर्षद मशीन बसवणाऱ्या कंपनीचा माणूस. उंच. बाह्या दुमडलेल्या. त्याने आल्या आल्या मशीनचं झाकण उघडलं, आणि रश्मी जवळ वाकताच म्हणाला, "थांबा, थांबा. अंगातल्या विजेने मेमरी जळते." मग खिशातून एक निळा पट्टा काढून त्याने तो तिच्या मनगटावर बांधला. हळूच. "घट्ट नाही ना झाला?"

"नाही," रश्मी म्हणाली. आणि हसली.

दारात उभ्या सम्यकने ते मनगट दोन वर्षं लांबूनच पाहिलं होतं. त्या पट्ट्याची वायर जमिनीला जोडलेली होती. सम्यकच्या डोक्याला अशी सोय नव्हती.

तरीही त्याने ते सोसलं असतं. पण दुपारी तो सर्व्हर रूममध्ये गेला, तर पेले तीन होते.

"सम्यक, ये ना! हर्षदला आवडली बघ. म्हणतो, अशी मालवणातसुद्धा मिळत नाही."

"मला नको. घसा धरलाय," सम्यक म्हणाला.

"कालपर्यंत तर ठणठणीत होतास."

"आज धरला."

संध्याकाळी तो सेटिंगच्या फाइलसमोर बसला. उद्या वेबसाइट पळणार, आणि सगळे म्हणणार — हर्षदचं मशीन झकास! तीन वर्षं ज्याने तो सर्व्हर तळहातावर जपला त्याला कोण विचारणार? जावा आपलं सामान ठेवायला मेमरीत जागा राखून घेते, तिला हीप म्हणतात. सम्यकने हीप चोवीस जीबीची छप्पन केली. एकाच वेळी रिपोर्ट वाढणारे प्रोग्रामचे वाढपी — थ्रेड — होते दोनशे. त्याने केले आठशे. कुणाला सांगितलं नाही. बघू दे तिला, वेग कुणामुळे येतो ते.

मत्सरात माणूस कविता करतो, भांडतो, दाढी वाढवतो. हीप वाढवणारा हा पहिलाच.

बुधवारी सकाळी दहाला पान उघडायला चौदा सेकंद लागले.

त्यात नवल नव्हतं. हीप भरली, की काम थांबवून कचरा काढावा लागतो. सम्यकने दोन खोल्यांच्या जागी वाडी घेतली होती, पण केरसुणी तीच जुनी; झाडायला लागलं की सगळा कारभार ठप्प. आणि आठशे वाढपी, जिथे रिपोर्ट साठवलेले त्या डेटाबेसच्या पन्नासच कढयांपुढे एकमेकांना कोपर मारत उभे.

शुभा मॅडम बाहेर आल्या. "हर्षद, पाचपर्यंत जमलं नाही तर मशीन परत न्या. आणि रश्मी, तुझ्या शब्दावर घेतलं ना हे? मग टेस्टिंगचं काम पुण्याच्या ऑफिसला देऊ, आणि तूही तिकडेच जा. शीक जरा त्यांच्याकडून."

रश्मीने फक्त मान हलवली. सम्यककडे एकदा पाहिलं... आणि स्क्रीनकडे वळली.

पुणे! मत्सराने हर्षदला मागे टाकायचं ठरवलं होतं, आणि गाडीत बसवलं जात होतं रश्मीला. सम्यकने तीनदा तोंड उघडलं, तीनदा पाणी पिऊन मिटलं. सांगावं, तर तीन वर्षांची अब्रू जाते. न सांगावं, तर मंगळवार जातो.

तीन वाजता, जुनं मशीन कामाला लावून, हर्षदने नवं उघडलं. "मेमरीची पट्टी सैल असेल," तो म्हणाला. "सम्यकभाऊ, जरा धरता का? थांबा, थांबा." आणि खिशातून निळा पट्टा काढून त्याने तो सम्यकच्या मनगटावर बांधला. हळूच. त्याच मायेने. "घट्ट नाही ना झाला?"

सम्यक त्या पट्ट्याकडे बघत राहिला. एका क्षणात अंगातलं सगळं वायरीतून जमिनीत उतरलं.

"मशीन चांगलं आहे," तो म्हणाला. "मी बिघडवलं. काल हीप छप्पन केली. वाढपी आठशे. मॅडमना मी सांगतो. रश्मीची चूक नाही, यार, तुझीही नाही."

हर्षदने रश्मीकडे पाहिलं आणि चहाचं निमित्त काढून सटकला. माणूस खरंच चांगला होता. तेच तर सहन होत नव्हतं.

"मला सव्वादहालाच कळलं होतं," रश्मी म्हणाली. "लॉगमध्ये सगळ्याची नोंद होते रे. हीप किती, कधी बदलली, किती वेळ बंद पडलं."

"मग बोलली का नाहीस? पुण्याला पाठवत होत्या तुला!"

"पाचपर्यंत थांबणार होते. तू स्वतःहून सांगतोस का, तेवढंच बघायचं होतं. चौदा सेकंद काय घेऊन बसलास, मी पावणेपाच तास मोजलेत."

दोघांनी मग सगळं पूर्वीसारखं केलं. नुसतं नवं मशीन : पाच सेकंद. हीप बेताची ठेवून, काम चालू असताना कोपरा-कोपरा झाडणारी नवी पद्धत लावली : तीन. वाढपी डेटाबेसला झेपतील एवढेच ठेवले : दीड. पाचला दहा कमी असताना सम्यकने मॅडमना सगळं सांगितलं. त्या त्याला बरंच बोलल्या, आणि पुण्याचं नाव काढायचं विसरल्या.

तो परत आला. रश्मी एकटीच होती.

"आणखी एक बदल सुचवायचाय," सम्यक म्हणाला. पट्टा अजून मनगटावरच होता. "पेले... दोनच ठेवूया का? मंगळवारी. आणि बाकीच्या दिवशीही... म्हणजे कायमचे?"

रश्मी त्याच्याजवळ आली. तिने पट्टा सोडवला, पण मनगट सोडलं नाही. एसी गुणगुणत होता. एक सेकंद... दीड...

"हो," ती म्हणाली. "पण एका वेळी एकच बदल. आईला मी सांगेन, मग तू ये."

सम्यकला तिसरा मजला पायाखाली लागेना. युगानुयुगांची थोर माणसं आता त्याला पटू लागली होती. तो काहीतरी फार मोठं बोलण्यासाठी श्वास घेत होता...

"सम्यक?"

"बोल ना."

"कालचं बूच पुन्हा मशीनखाली गेलंय. तेवढं काढून दे ना."