एक ठेवून बघा ना, सर

खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी गणिताचा मास्तर आहे. भुताखेतांच्या गोष्टी रचण्याइतकं डोकं मला नाही.

याच जुलैत घडलंय. जुईनगरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझा नववीचा क्लास आहे. सोमवारी घनांचं प्रकरण सुरू केलं, फळा पुसला, कुलूप लावलं.

मंगळवारी दुपारी साडेचारला उघडलं, तर फळ्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात…

x = 1, y = 1.

माझं डोकंच सणकलं. पोरांची मस्ती, दुसरं काय! पहिल्या बाकावरच्या ईश्वरीला नको तेवढं बोललो. ती रडवेली झाली, खडूला हातसुद्धा लावला नाही म्हणाली.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारीही. चावी एकच, तीही माझ्या खिशात. नुसता वैताग आला होता.

शुक्रवारी दाराला कान लावून उभा राहिलो.

आत खडू चालत होता…

टक… टक… सर्रर्र.

दार ढकललं. खोली रिकामी.

या वेळी कोपऱ्यात अख्खं गणित होतं. सरळरूप द्या: (2x + 3y)³ − (2x − 3y)³.

हे गणित केयूरचं होतं.

केयूर गेल्या वर्षी माझ्याकडे शिकायचा. बाकीची पोरं दोन्ही कंस विस्तारून पानभर पदं मांडायची. हा घनांच्या वजाबाकीचं सूत्र लावून चार ओळींत मोकळा. त्याचं उत्तर आलं 72x²y + 54y³. माझ्या वहीत होतं 108xy². मी लाल फुली मारली.

"एक ठेवून बघा ना, सर," तो म्हणाला होता.

मी बघितलं नाही. उलट त्याच्या आईला, उत्कर्षाताईंना, फोन केला. पोरगा कुठूनतरी उतरवतो, तेही चुकीचं, असं सांगितलं. त्यांनी त्याला मारलं, हे मागाहून कळलं.

पंधरा दिवसांत तो डेंग्यूने गेला.

शुक्रवारी मी खडू उचलला. x च्या जागी एक, y च्या जागी एक. पाचाचा घन एकशेपंचवीस. त्यातून उणे एकचा घन वजा, म्हणजे एकशेसव्वीस.

केयूरचं उत्तर: बहात्तर अधिक चोपन्न. एकशेसव्वीस.

माझं: एकशेआठ.

कंस काढताना सगळी चिन्हं बदलायला मीच विसरलो होतो. वर्षानुवर्षं तीच वही, आणि एकदाही ताळा करून पाहिला नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

संध्याकाळी उत्कर्षाताईंना फोन लावला. सगळं कबूल केलं. चूक माझी होती, तुमचा मुलगा खरा होता, असं सांगितलं. फळ्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं,

"सर, x बरोबर एक, y बरोबर एक, म्हंजे काय हो?"

हे कुठे पाहिलंत, एवढंच कसंबसं विचारलं.

"गॅसमागच्या टाईल्सवर. त्याच्या तेराव्यापासून रोज दिसतंय. पयले पुसायची. आता नाय पुसत. त्याचंच अक्षर हाय ना."

त्या दिवसापासून माझा फळा कोरा असतो. तरी कुलूप काढण्याआधी मी दाराशी थांबतो, कान लावतो…

त्यांच्या टाईल्सवर अजून उमटतं का, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.