परत येणारी रेघ

वर्गाचं दार ढकललं आणि ती किंचाळलीच. बाकावर चढून एक माणूस छतातून लोंबणारी तार चिमटीत धरून उभा होता. तिच्या हातून खडूंची पेटी निसटली, रंगीत तुकडे बाकांखाली पळाले.

"घाबरू नका, मेन बंद आहे."

"त्याला नाही घाबरले मी."

"मग?"

मग... काय सांगणार?

मधलं वर्तुळ

भीती. तिथून निघालेल्या रेघा: शुक्रवार. मागचा बाक. मोठ्या बाई.

शुक्रवारी ही रात्रशाळा चालवणाऱ्या संस्थेच्या मोठ्या बाई मागे बसून तिचा तास पाहणार होत्या. पसंत पडला तर नोकरी, नाहीतर नमस्कार. मागच्या शाळेत अशाच तासाला तिनं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नव्हता. मूग गिळल्यासारखी उभी. वर्ग हसला होता.

तेव्हापासून ती इंग्रजी शब्द चित्रांतून शिकवायची. फळ्यावर मधल्या वर्तुळात स्वयंपाकघर. चहूकडे रेघा, टोकाला सुरी, झाकण, वाफ. दिवसभर दुकानांत, कारखान्यांत राबून येणाऱ्यांच्या डोक्यात शब्द घट्ट बसायचे. शिवाय बोलावं कमी लागायचं. तिचा हात कधी कापत नसे.

एक रेघ, भलत्याच हातानं

तिच्यानंतर त्याच खोलीत तारवाल्याचा, म्हणजे वायरिंगच्या सरांचा वर्ग असे. दुसऱ्या दिवशी ती आली तर फळ्यावरच्या तिच्या स्वयंपाकघरात कुणीतरी घुसलेलं. सुरीपासून पावापर्यंत रेघ, पावापासून चुलीपर्यंत, सगळं फिरून मध्ये. वर एक बटणही! तो आजही लवकर येऊन तारेशी खटपट करत होता.

"सर! हे काय?"

"तुमची एकही तार परत येत नव्हती, बाई. पोरं म्हणाली, दिवा लागणार कसा? मलाही वाटलं, कुणाचंतरी सर्किट अर्धवट राहिलंय... दिलं पुरं करून."

"ते शब्द आहेत!"

"म्हणजे शब्दांना परत यावं लागत नाही?"

ती चिडून फडकं घेऊन वळली, आणि थांबली. सुरी – पाव – चूल. सुरीनं पाव कापा, चुलीवर भाजा. रेघ शब्दाला शब्द जोडत होती, वाक्य होत होतं. तिचा वर्ग शब्द ओळखायचा, बोलायचा मात्र कधीच नाही. तिच्यासारखाच.

"पुसू?" त्यानं हळूच विचारलं.

"हात लावून बघा!"

तो हसला. तिनं फडकं पाठीमागे लपवलं आणि तीही हसली. क्षणभर शुक्रवार विसरूनच गेली...

शुक्रवार

मोठ्या बाई मागे. पेन उघडं. तिनं तोंड उघडलं –

काही नाही.

हात मात्र चालला. वर्तुळ, आत भीतीचा इंग्रजी शब्द. तिनं खडू पुढे केला. वर्गातल्या पाववाल्यानं येऊन कुत्रा काढला. शिलाईकाम करणाऱ्या ताईंनी अंबाडा घातलेलं एक डोकं काढलं. "सासू," त्या म्हणाल्या. हशा! पाववाल्यानं दोन्ही जोडले आणि चाचपडत, इंग्रजीत, मोठ्यानं म्हणाला, "माझा कुत्रा तुमच्या सासूला भितो." मोठ्या बाईंनाही हसू आवरेना.

"बाई, तुमचं वर्तुळ कुठंय?" ताईंनी विचारलं.

दारात तारवाला, आपल्या तासाची वाट बघत. तिनं खडूकडे पाहिलं. आवाजाचं चित्र काढतात कसं?

"मला..." ती इंग्रजीत म्हणाली. फाटका, चिरका, पण आवाज! "बोलायची भीती वाटते."

कुणीच हसलं नाही. पाववाल्यानं उठून तिचे शब्द फळ्यावर लिहिले, भोवती वर्तुळ काढलं आणि रेघ ओढून सगळ्यांच्यात जोडून टाकलं.

जाताना मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर या."

रेघ, अर्धवट

खोली रिकामी झाली. त्यानं फडकं उचललं, खाली ठेवलं.

"माझंही एक वर्तुळ राहिलंय यात," तो म्हणाला.

"तुम्हाला कसली भीती? उघड्या तारा धरता रोज."

"आज मी आलो असतो, तुम्ही निघून गेलेल्या असता आणि हा फळा स्वच्छ दिसला असता ना... तर..." त्यानं फळ्याकडे पाहिलं. "त्या स्वच्छ फळ्याची."

तिचा हात सवयीनं खडूकडे गेला. चित्र काढलं की भागलं असतं...

तिनं खडू खाली ठेवला.

"सोमवारी," आवाज कापत होता, कापू दे, "मी लवकर येईन. तुम्हीही या. मला तुमच्याशी बोलायचंय... पुष्कळ."