मागचेच वाचन

समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेतून रेवती तांडेलचा आवाज किनाऱ्यावरच्या नियंत्रणकक्षात घुमला.

"ओगलेकाका, तुमची जुनी आवृत्ती झकास चालतेय! प्राणवायू २०.९ टक्के, भोंगा गप्प. कालचं ते अपडेट बुडवा समुद्रात!" मागे तिचे तिघे सोबती खो खो हसले.

वामनराव ओगले ओशाळले. प्रयोगशाळेच्या संगणकांसाठी लिनक्स या कार्यप्रणालीचे वितरण त्यांनीच निवडले होते आणि सांभाळतही तेच होते. काल त्यांनी नवी आवृत्ती चढवली आणि प्राणवायूमापक कोरा पडला, भोंगा वाजू लागला, राखीव टाकीची झडप आपोआप उघडली. दहा मिनिटांत त्यांनी जुनी आवृत्ती परत बसवली. नवी पुन्हा चढू नये म्हणून कुलूपही घातले. ते किनाऱ्यावरून नव्हे, फक्त प्रयोगशाळेच्या आतूनच उघडणारे. आता आपले काय चुकले ते शोधायला ते बदलांची यादी वाचत होते.

एका ओळीवर ते थांबले. "डॉक्टर, जरा बघता? मीच चुकत असेन."

शेजारी बसलेल्या वैद्यकीय अधिकारी डॉ. तस्नीम काझींनी वाचले, "'संवेदकाकडून वाचन न आल्यास मागचेच वाचन दाखवणे बंद.' म्हणजे?"

"म्हणजे प्राणवायू मोजणारा संवेदक आधीच मेलाय. जुनी आवृत्ती शेवटचाच आकडा दाखवत राहते. नवी खरं बोलली, तर मी तिलाच हाकललं." त्यांनी नोंदी उघडल्या. कालची दहा मिनिटे सोडली, तर नऊ दिवस २०.९. एकदाही २०.८ नाही. "आकडा उतरल्याशिवाय झडप उघडत नाही. पण मग ते गुदमरले कसे नाहीत?"

"गुदमरायला होतं ते कर्बवायूमुळे, आणि तो शोषला जातोय. नुसता प्राणवायू घटला तर माणूस खुशीत येतो. हसतो. भीती जाते. मग झोप."

ओगल्यांनी ध्वनिग्राहक ओढला. "रेवती, राखीव टाकीचं लाल चाक हातानं फिरव! हवा संपतेय!"

"किती घाबरता हो काका! मजेत आहोत आम्ही. दिगंबर तर बसल्या बसल्या घोरतोय!"

पुन्हा हशा. पण आता त्यात दोनच आवाज होते.

घाबरवून उपयोग नव्हता. ओगल्यांनी जन्मात कुणाची टिंगल केली नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"राहू दे. जड आहे ते. तुझ्यासारख्या काडीपैलवानाचं काम नाही."

"मी काडीपैलवान? थांबा, दाखवतेच!"

कुणीतरी धडपडले. एक शिवी ऐकू आली. हसणे थांबले. मग चाक करकरले, आणि हवेचा फुसकारा कितीतरी वेळ चालू राहिला.

"काका..." रेवतीचा आवाज कापत होता. "आम्हाला काय झालं होतं? मला फार भीती वाटतेय."

ओगल्यांनी डोळे मिटले.

"वाटू दे, बाळ," ते म्हणाले. "वाटू दे."