बोलायची नळी

काम साधं होतं. बाईसाहेबांच्या मोटारीतली बोलायची नळी बंद पडली होती, ती दुरुस्त करायची. मोटार पडद्याची. मधल्या काचेला काळा रंग, खिडक्यांना जाड पडदे. मागे बसणाऱ्यानं रबरी नळीत बोलायचं, पुढे चालवणाऱ्यानं ते कानाशी ऐकायचं. मागे पाहायचं नाही, हे अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

अण्णा जाऊन नऊ दिवस झाले होते. कन्नौदला त्याला ऊन लागलं. मालकांनी, बापूसाहेबांनी, मोटार दिली. त्याला मागे निजवलं, नळी हातात दिली आणि मी देवासच्या दवाखान्याकडे गाडी पळवली. नळीतून शब्द आला नाही. मला वाटलं, झोप लागली. आत बाईसाहेब नव्हत्या, माझा भाऊ होता. तरी मी एकदाही उतरून दार उघडलं नाही. दवाखान्यात उघडलं, तेव्हा अण्णा गार होता. नळी ओठांशी होती.

नळी ठीक असेल, तर त्यानं मला हाक मारलीच नाही. बंद असेल, तर मारली असेल, आणि मी... मला तेवढंच कळायला हवं होतं.

बाहेर लू, भाजून काढणारी झळ, वाहत होती, म्हणून मोटारखान्याची दारं लावलेली. आत अंधार, पेट्रोलचा आणि तापल्या कातड्याचा वास. दत्ताजी मिस्त्रींनी मागे बसून हाका मारल्या. पुढे काही येईना. नळीत तार घातली, साफ. पाणी ओतलं, दुसऱ्या टोकातून आलं. फुंकर मारली, माझ्या कानाला वारा लागला. शेवटी इंदूरहून आणलेली नवी नळी बसवली. तरी तेच.

"हवा जाते, पाणी जातं, बोलणंच जात नाही," दत्ताजीकाका म्हणाले. "तुझ्यासारखीच अडेल आहे, भैया. पाणी पिऊन येतो. बस तिला कुरवाळत."

ते गेले. मी पुढच्या जागेवर बसून नळी कानाला लावली.

आधी खडीवरून चाकं गेल्यासारखी खरखर आली. इंजन तर बंद होतं.

"खंड्या, हळू घे. पुढं नाला आहे."

अण्णाचा आवाज. मला खंड्या तोच म्हणायचा. बऱ्याच वेळानं आवाज पुन्हा आला.

"हाटपिपल्या गाव गेलं का रे?... खंड्या, थांबव जरा... थांबव..."

तिसऱ्यांदा नुसता श्वास आला.

"थांबवतो, अण्णा," मी नळीत ओरडलो आणि उभ्या मोटारीचा ब्रेक दोन्ही हातांनी ओढला. खरखर थांबली. मागे दाराची कडी वाजली. मोटार एका बाजूला किंचित कलली.

"थांबलास होय," अण्णा हलकेच म्हणाला. "पण खंड्या... हे कोण चढलं?"

तेवढ्यात दत्ताजीकाका परत आले. बाहेरच्या उजेडानं त्यांचे डोळे दिपलेले. मागचं दार उघडून त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थबकले.

"जरा सरकून घ्या, पाव्हणे," ते आत पाहून म्हणाले. मग मला विचारलं, "काय रे, ह्यांना कुठं सोडायचंय?"

नळी अजून माझ्या कानाशीच होती. तिच्यात कुणीतरी घसा खाकरला.

तो अण्णा नव्हता.