शफीभाईंनी बदललेला कॉम्प्युटर

रोशनबी ऑफिसात आल्या तेव्हा साहेबराव चहा गाळत होते. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते संत तुकाराम नगरातल्या या ऑफिसात आरफा मुजावर या खासगी तपासनीस बाईंच्या मदतीला येत. आरफा त्यांच्या मुलीच्या वयाची, पण ते तिला मॅडम म्हणत आणि ती त्यांना काका.

रोशनबींनी चहाला हात लावला नाही.

"माझ्या नवऱ्याने काही वाईट केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण आता त्यांनाच वाटायला लागलंय की केलंय."

त्यांचे पती शफीभाई यांचं चिखलीत गॅरेज होतं. तळवड्याच्या उद्धवरावांचा मुलगा निरंजन याने आपल्या जुन्या गाडीत टर्बो इंजिन बसवलं होतं, पण त्या इंजिनाचा कॉम्प्युटर काही मिळाला नव्हता. तेव्हा शफीभाईंनी भंगारात निघालेल्या एका साध्या गाडीचा कॉम्प्युटर घेतला आणि टर्बोला चालेल असा बदलून दिला. त्यांनी स्वतः चालवून पाहिली तेव्हा गाडी झकास पळाली. मग गेल्या रविवारी चाकणजवळच्या एका रिकाम्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर निरंजनने गाडीला जोर दिला आणि इंजिन फुटलं. तेल तापलेल्या टर्बोवर उडून आग लागली. बॉनेट उघडताना निरंजनचा उजवा हात भाजला. आता उद्धवराव पोलिसांत तक्रार देणार होते.

चिखलीच्या गॅरेजमध्ये शफीभाई अंधारातच बसले होते. आरफाने विचारलं तेवढ्याचं ते उत्तर देत होते.

"साध्या इंजिनाचा कॉम्प्युटर बाहेरच्या हवेएवढाच दाब मोजतो," ते म्हणाले. "टर्बो हवा कोंबून भरतो. ती जास्तीची हवा त्याला दिसतच नाही. मग तो पेट्रोल कमी सोडतो, आणि इंजिन आतून भाजून निघतं. म्हणून मी डब्यातला सेन्सर बदलला, पेट्रोलची सगळी गणितं नव्याने भरली. कुठेतरी चुकलो असणार."

भंगारवाल्याकडून त्यांनी एकसारखे दोन कॉम्प्युटर आणले होते. एक बदलला. दुसरा होता तसाच निरंजनला देऊन टाकला, पुढेमागे सुटे भाग लागतील म्हणून.

शफीभाईंचा एके काळचा भागीदार रिझवान त्या रविवारी चाकणला निरंजनबरोबर होता. आपण आधीच सावध केलं होतं, असं तो दोनदा म्हणाला. भांडण होऊन वेगळं झालेला माणूस. साहेबरावांचा संशय तिथेच बसला. गाडी हळू चालली तोवर काहीच झालं नाही, जोर धरल्यावर ती फुटली, असं त्याने सांगितलं. आग विझवायचं अख्खं सिलिंडर त्यानेच रिकामं केलं होतं.

"बॉनेटखाली काळं म्हणून काही दिसत नव्हतं," तो म्हणाला. "सगळीकडे पांढरी पावडर."

आदल्या रात्री गाडी कुठे होती, असं आरफाने विचारलं. उद्धवरावांच्या शेडमध्ये, कुलपात. आपण शेडकडे न जाता थेट चाकणला पोचलो, असं रिझवान म्हणाला.

त्याच शेडमध्ये जळकी गाडी ओढून आणली होती. उद्धवरावांनी कुलूप उघडलं. किल्ली घरातल्या खुंटीवर असते, असं ते म्हणाले.

"या भंगाराच्या डब्यानं माझ्या पोराचा हात गेला असता," ते म्हणाले. "तज्ज्ञ आणला व्हता मी. त्यानं हात न लावता, नुसती टॉर्च मारून दाखवलं. डबा फोडून परत चिकटवल्यालाय. आजून काय पुरावा पायजे?"

साहेबरावांनी आरफाच्या सांगण्यावरून बॉनेट उचललं तसे त्यांचे तळवे पांढरे झाले. त्यांनी रुमालाला हात पुसले, खटके काढून कॉम्प्युटर तिच्या हातात दिला. चपटा काळा डबा, वरून बारीक कंगोरे, कडेने शफीभाईंनी लावलेला चिकटा. जिथे तो बसला होता त्या पत्र्यावर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता, भोवती पावडरच पावडर. आरफाने डबा उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. साहेबरावांनी पुन्हा रुमाल काढला, पण या वेळी हाताला काही लागलंच नव्हतं.

घरात निरंजनची बहीण वर्षाली होती. ती हिंजवडीत कंपनीत होती, अपघातापासून रजेवर. आई, दुर्गाबाई, दवाखान्यात मुलाजवळ बसलेली. वर्षालीने शांतपणे सांगितलं की दादाच्या या नादात आपण कधी पडलो नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचा मित्र हायवेवर अपघातात गेला, तेव्हा दादा शेजारच्याच सीटवर होता. तेव्हापासून गाडीचं नाव काढलं की आई जेवत नाही.

"कॉम्प्युटरचं मला काय कळणार," ती म्हणाली. "दोन्ही सारखेच दिसतात."

दवाखान्यात निरंजन हाताला पट्ट्या बांधून पडला होता. शफीभाईंना दोष द्यायला तो तयार नव्हता. आई पाणी आणायला गेल्यावर आरफाने दुसऱ्या कॉम्प्युटरबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला की टॉवेलात गुंडाळून तो कपाटाच्या खणात ठेवलाय. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आणखी सामान आणलंय म्हटलं असतं तर आई रडत बसली असती.

संध्याकाळी आरफाने उद्धवराव आणि वर्षाली यांना समोर बसवलं. तिच्या सांगण्यावरून साहेबराव शफीभाईंनाही घेऊन आले होते. निरंजनच्या परवानगीने खणातला डबा आणून तिने टीपॉयवर ठेवला.

"आग लागली तेव्हा पत्र्यावर डबा होता," ती म्हणाली. "म्हणून तर खाली स्वच्छ चौकोन राहिला. मग त्या डब्यावर पावडर बसायलाच हवी. पण आज गाडीतला डबा काढताना काकांच्या हाताला पावडर लागली नाही. पुसला म्हणावं, तर कंगोऱ्यांत तरी राहिली असती. तिथेही नाही. म्हणजे शफीभाईंचा डबा आगीत नव्हताच. तो नंतर बसवला."

साहेबरावांना आपला रुमाल आठवला आणि स्वतःचाच राग आला.

आरफाने खणातल्या डब्याच्या कंगोऱ्यांतून टाचणी फिरवली. टीपॉयच्या काचेवर पांढरी रेघ पडली.

"हा होता आगीत. न बदललेला. हळू चालवली तर गाडी ठीक, टर्बोने जोर धरला की पेट्रोल कमी. रिझवानने पाहिलं ते हेच. पण त्याला ना शेडची किल्ली, ना हा खण. उद्धवराव, तुम्ही अदलाबदल केली असती तर डबा तपासायला माणूस आणला नसता. आईला निरंजनने काही सांगितलं नव्हतं. वर्षालीलाही नाही. तरी ती मला म्हणाली, दोन्ही सारखेच दिसतात. दोन आहेत हे मी तिला सांगितलं नव्हतं."

वर्षालीने नाकारलं नाही. दादाला फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं की साधा डबा खणात आहे, आणि त्यावर गाडी चालते, पण पळत नाही. पळाली नाही की त्याचा नाद सुटेल, एवढंच तिला वाटलं, म्हणून आदल्या रात्री शेड उघडून तिने डबे बदलले. इंजिन भाजेल हे ठाऊक नव्हतं. आगीनंतर ती घाबरली आणि सगळे दवाखान्यात असताना तिने डबे पुन्हा बदलले.

"मग बाबा शफीभाईंचं नाव घ्यायला लागले," ती म्हणाली, "आणि मी गप्प बसले."

उद्धवराव उठले. त्यांनी शफीभाईंपुढे हात जोडले. तक्रार न्हाई, म्हणाले. जे बोललो ते चिखलीत चार माणसांसमोर परत घेतो.

शफीभाईंनी त्यांचे हात खाली केले. त्यांचे डोळे टीपॉयवरच्या डब्यावर होते.

"म्हणजे माझी गणितं बरोबर होती," ते हळूच म्हणाले. मग वर्षालीकडे वळले. "निरंजनला सांगितलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. मला जमणार नाही, म्हणाली.

"चल. मी येतो. दाराबाहेर थांबेन. आत तुलाच बोलावं लागेल, बेटा."

साहेबरावांनीच त्यांना गाडीतून नेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते शफीभाईंशेजारी बाकावर बसले. अर्धवट उघड्या दारातून वर्षालीची पाठ दिसत होती. ती उभ्याउभ्याच बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते. दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. निरंजनने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि तो तसाच पडून राहिला. साहेबरावांना वाटलं, आता ती बाहेर येईल.

मग निरंजनने न भाजलेल्या हाताने पांघरूण ओढलं, पाय जवळ घेतले आणि बहिणीला बसायला पलंगावर जागा करून दिली.