कॅरिअर नसलेली सायकल

पटलं तर घ्या, नाहीतर पान उलटा. भैय्यालालमामा थापा मारायला लागला की त्याला स्वतःलाच हसू फुटतं. हे सांगताना तो एकदाही हसला नाही.

साल १९८४. अड्याळहून भंडाऱ्याकडे जाणारा रस्ता. रात्र-बित्र नाही हो, चांगली माघातली सकाळ.

आदल्या वर्षी मामाचे वडील, म्हणजे माझे टिकारामआजोबा, पोटाच्या कॅन्सरनं गेले. त्या दिवशी दुखणं एकदम वाढलं आणि एसटी आलीच नाही. मामानं त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. पडू नयेत म्हणून दुपट्ट्यानं आपल्या कमरेशी बांधलं आणि निघाला भंडाऱ्याच्या दवाखान्याकडे.

कारध्याच्या पुलापाशी थांबून मागं पाहिलं, तर...

बाबा केव्हाच गेले होते.

आमच्याकडे माणूस जिथं जातो, तिथं तेरवीपर्यंत दिवा आणि पाणी ठेवतात. घरच्यांनी ते कारध्याला ठेवलं. पण मामाच्या आईला, देवकाआजीला, चैन पडेना.

"लोक म्हणतेत, अंग पार थंड पडलं होतं. मंग रस्त्यात कुठं गेला रे तुहा बाप? तहानलेलाच तर नाही ना फिरत?"

हा प्रश्न मामाला आतून खात होता.

मग गावच्या मंडळानं कॅन्सरच्या पेशंटांच्या मदतीसाठी अड्याळ ते भंडारा सायकल शर्यत ठेवली. मामानं बापाच्या नावानं भाग घेतला. छातीवर 'टिकाराम' लिहिलेला कागद लावला. तोच दुपट्टा कमरेला बांधला. आणि सायकल हलकी व्हावी म्हणून कॅरिअर काढून घरी ठेवलं.

शर्यत सुटली. मामा सगळ्यांच्या पुढं.

अड्याळ मागं पडलं आणि...

कुर्र... कुर्र...

वजन पडलं की कॅरिअर वाजायचं, तसा आवाज.

कॅरिअर तर घरी होतं.

पायडल जड झालं. दुपट्टा कमरेला काचायला लागला, मागून कोणी धरून बसल्यासारखा. वळून पाहायची हिंमत होईना.

तेवढ्यात गावचाच हिरालाल बाजूनं पुढं निघाला. सहज म्हणाला, "भैय्या, शर्यतीत डबलसीट कायले घेऊन राहिला बे? म्हाताऱ्याले उतरव ना."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्याच वेळी डोळे भरून आले. काही झालं तरी बाप होता तो.

"बाबा, कुठं उतराचं ते सांगजा," तो पुटपुटला.

फक्त मानेवर गरम श्वास...

पहेला गाव आलं. गावाबाहेर एक बाभूळ होती. तिच्यापाशी कुरकुर थांबली.

दुपट्ट्याची गाठ आपोआप सुटली. सायकल इतकी हलकी झाली की मामा पडता पडता वाचला.

मागं पाहिलं. रस्ता रिकामा.

मामानं सायकल तिथंच टाकली. बाकीचे एकेक करून पुढं जात होते. त्यानं बाटलीतलं सगळं पाणी बाभळीखाली ओतलं.

घट... घट... घट...

कोणी घाईघाईनं प्यावं तसा आवाज आला. खालची माती मात्र कोरडीच राहिली.

मामा शेवटचा पोचला. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच संध्याकाळी देवकाआजी पहेल्याला दिवा लावून आली. "सुटला बिचारा," म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपली.

मामाची झोप मात्र त्याच दिवशी गेली. का, ते त्यानं मला आत्ता आत्ता सांगितलं.

"बाबाले नेलं त्या दिवशी पहेल्याच्या अलीकडं ते पाणी मागत होते. मी म्हटलं, जरा दम धरा, गावात पाजतो. मंग बाभळीच्या पुढं मागून बाबाच म्हणाले, 'थांबू नको, भैय्या. मले तहान नाही.' मी थांबतो म्हटलं की तेच. पूल येईपर्यंत तेच. म्हणून तर मी थांबलो नाही."

दुपट्टा बांधला होता तिथं, कमरेवरून मामानं हात फिरवला.

"बाबा तर बाभळीपाशीच गेले होते. मंग माह्या पाठीशी बसून बोलत कोण होतं?"

मला मामाच्या पाठीमागं पाहवेना.