उजव्या कवचातला दात

"शिंपल्यांच्या कपाटात! खेकड्याच्या भावकीतला प्राणी, आणि ठेवलाय शिंपल्यांच्या कपाटात!"

कपाटाआड कुणीतरी पुटपुटत होतं. संग्रहालयात प्राण्यांची चित्रं काढता काढता माझी अकरा वर्षं गेली होती. कपाटं इतकं बोलत नाहीत. मी डोकावले. हातात बरणी, बरणीत बार्नेकल — देठानं ओंडक्याला चिकटून राहणारे कवचवाले जीव — चष्मा नाकाच्या टोकावर… तीन महिन्यांसाठी आलेले नवे वर्गीकरणवाले.

दुसऱ्याच दिवशी या गृहस्थांनी त्याच बार्नेकलच्या माझ्या चित्रात पेन्सिलीनं कवचाला एक दात वाढवला!

"डाव्या कवचातला राहून गेला असावा," ते म्हणाले.

"राहून गेला? मी काय पडद्यावरची नक्षी काढते, दोन्हीकडे सारखी? उघडून बघा! या जातीत दात उजव्याच कवचात असतो, आतून. त्यावरूनच ओळखायची ती. हे मी तुम्हाला सांगायचं?"

त्यांनी चिमट्यानं कवच उघडलं, भिंगातून पाहिलं. कान लाल झाले.

"नाहीये… डावीकडे."

मग त्यांनी आपला दात खोडला — इतक्या हलक्या हातानं, की माझी रेघ जरासुद्धा पुसटली नाही. तिथेच माझा घात झाला.

पुढे रोज भांडण, रोज चहा. तीन महिने संपत आले तसं खोलीत सगळे हवापाण्यावर बोलू लागले. आमच्या विभागप्रमुख मोठ्या बाईसुद्धा; या गृहस्थांच्या जाण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. आणि हे? त्याच बरणीतल्या जिवांचे पाय पुन्हा पुन्हा मोजत बसलेले!

शेवटच्या दुपारी माझा संयम सुटला.

"चौथ्यांदा मोजताय! पायांच्या सहा जोड्याच भरणार. सातवी उगवायची वाट बघताय?"

"मोजणी संपली की…" ते बरणीशीच बोलले, "ही खुर्ची सुटते. तुमच्या समोरची."

"अहो, हा एवढासा जीव! लहानपणी वाटेल तिथे पोहतो, मग एक जागा बघून डोकंच चिकटवतो — जन्मभरासाठी. तुम्हाला तीन महिने पुरेनात?"

"जागेनं हो म्हणायला हवं ना…"

मोठ्या बाईंनी कप आपटला. मोठ्या बाई म्हणजे माझी सख्खी आत्या.

"जागा कधीची हो म्हणतेय! दोघं लग्न करा एकदाचं, आणि ती बरणी द्या इकडे!"